शोमरोनी आणि उतारशाळा
(आरोग्यसेवेवरील काही पुस्तकांच्या निमित्ताने)

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात एक काचेचे कपाट आहे. त्यातील संतचरित्रांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत आणखी एका प्रकारच्या पुस्तकांनी जागा मिळवली आहे. दुर्गम प्रदेशात जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांची, परिचारिकांची आणि धर्मभगिनींची ही चरित्रे व आत्मकथने. देवघेवीची नोंदवही चाळली तर आपली कुटुंबे कादंबऱ्यांपेक्षाही ही पुस्तके अधिक आवडीने नेतात, असे दिसते. डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ या पुस्तकाची बांधणी तर आम्हाला दोनदा दुरुस्त करून घ्यावी लागली.

गेल्या उपवासकाळात हे पुस्तक परत करायला एक बाई आल्या. शहरातील सार्वजनिक रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या आहेत. पुस्तक टेबलावर ठेवीत त्या म्हणाल्या, “फादर, पुस्तक फार चांगलं आहे. वाचताना रडू आलं. पण डॉक्टर तिथं पोचायच्या आधी जी माणसं गेली, त्यांची गोष्ट कुणी लिहिलीय का?” मला तत्काळ उत्तर सुचले नाही. नंतर मात्र त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. त्याच प्रश्नाच्या प्रकाशात मी कपाटातील काही पुस्तके पुन्हा वाचली. प्रस्तुत लेख हे त्या बाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

या वाङ्मयप्रकाराची एक ठरावीक घडण असते. एखादा बुद्धिमान तरुण किंवा तरुणी वैद्यकीय शिक्षण घेते. पुढे सुखाचे आयुष्य खुणावत असते. त्याच वेळी अंतःकरणात हाक ऐकू येते आणि ती व्यक्ती रानावनात, वाळीत टाकलेल्या माणसांत जाते. वीज नाही, रस्ता नाही, औषधे नाहीत. आरंभी अविश्वास, मग एक रुग्ण बरा होतो, मग दुसरा. शेवटी समाज दखल घेतो आणि एखाद्या मोठ्या पुरस्काराच्या छायाचित्राने पुस्तक मिटते. आपल्या संतचरित्रांच्या वळणावरच ही घडण बेतलेली आहे, म्हणूनच ती आपल्याला इतकी ओळखीची वाटते.

‘प्रकाशवाटा’ (२००९) हे या प्रकारातील अत्यंत प्रांजळ पुस्तक आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. डॉ. प्रकाश आमटे नागपूरचे शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासह गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे गेले. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. पुढची अनेक वर्षे त्यांनी विजेवाचून काढली आणि माडिया गोंड रुग्णांचे मलेरिया, भाजल्याच्या जखमा, अस्वलाने फाडलेले चेहरे अशा नाना व्याधींवर उपचार केले. जे शिकलेले नव्हते तेही गरजेपोटी शिकून केले. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निवेदनात कोठेही अभिनिवेश नाही. लेखक स्वतःला संत म्हणवून घेत नाही. संतपण देतो तो वाचक, म्हणजे आपण.

आणि दोष असलाच तर तो या वाचनात आहे. या पुस्तकांतील दारिद्र्य, अंधार आणि अंतर यांकडे आपण रंगभूमीवरील पडद्यासारखे पाहतो. पुढे वावरणाऱ्या पुण्यात्म्याची आकृती ठसठशीत दिसावी म्हणून जणू मागचा पडदा काळा रंगवलेला असतो. त्या पडद्याला कोणी रंग दिला, हे आपण विचारीत नाही. १९७३ साली स्वातंत्र्याला सव्वीस वर्षे झाली होती. तरी एका संपूर्ण तालुक्याच्या भागाला डॉक्टर नसावा, याची जबाबदारी कोणाची? सरकार कथेच्या कडेला उभे असते, आपण मध्यभागी पाहत असतो. रुग्ण येतो, बरा होतो, हात जोडतो आणि पुढच्या पानावर नाहीसा होतो. त्याला बहुधा नावही नसते. डोळे पुसून आपण पुस्तक मिटतो तेव्हा आपले मन डॉक्टरच्या त्यागाने भरलेले असते, रुग्णावरील अन्यायाने नव्हे.

याचे मूळ आपल्या प्रवचनांत तर नाही ना, अशी मला शंका येते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण किती वेळा ऐकला आणि ऐकवला आहे! याजक व लेवी बाजूने निघून जातात, परका शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो. प्रवचन बहुधा येथेच संपते. दाखला मात्र येथे संपत नाही. शोमरोनी जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो, सकाळी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वेळी तो फेडण्याचे वचन देतो. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून आपल्याला ते ठाऊक आहे. प्रभूने करुणेच्या कथेत रोख रकमेचा असा नेमका उल्लेख करावा, यात मोठा अर्थ आहे.

उतारशाळेसाठी लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो संपूर्ण नव्या करारात अन्यत्र येत नाही. ‘सर्वांना घेणारी जागा’ असा त्याचा व्युत्पत्तीने अर्थ होतो. ओरिजेन, संत अँब्रोस, संत ऑगस्टिन या प्राचीन भाष्यकारांनी ही उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभाच, असे मानले. हे भाष्य मी सेमिनरीत शिकलो, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. आज वाटते, आरोग्यसेवेवरील पुस्तकांची पारख करायला याहून चांगली कसोटी नाही. पुस्तक केवळ शोमरोन्याविषयी आहे की उतारशाळेविषयीही आहे? शोमरोनी पुढे निघून गेल्यावर जखमीचे काय झाले, हे ते सांगते काय? आणि दोन दीनार संपल्यावर कोणी दिले?

या कसोटीवर मला सर्वांत अधिक उतरलेले पुस्तक आमच्या कपाटात नव्हतेच. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने लिहिलेले ‘जामखेड’ १९९४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. १९७० साली त्यांनी त्यावेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. एवढा तपशील वाचून हेही त्याच घडणीचे पुस्तक असेल असे वाटेल. प्रत्यक्षात त्यातील डॉक्टर हळूहळू मागे सरकत जातात आणि गावे पुढे येतात.

रुग्णालयात बसून रुग्ण तपासीत राहिलो तर तेच आजार पुन्हा पुन्हा दाराशी येतील, हे लेखकद्वयाला लवकर उमगले. पाणी दूषित, बाळ उपाशी, बाळंतीण एकाकी. शिकलेल्या परिचारिका एकेकट्या खेड्यात टिकेनात. तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग निघाला. त्यांतील अनेक जणी निरक्षर, दलित, कोणी परित्यक्ता. त्या जामखेडला येऊन एकत्र राहत, जेवत, शिकत आणि आपापल्या गावी परतून बाळंतपणे करीत, मुलांचे वजन घेत, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी कसे करावे ते शिकवीत. हातपंप बसवताना ते दलित वस्तीत बसतील अशी योजना केली गेली. पाण्यासाठी तेथे येणे सवर्णांना भाग पडले. जात हादेखील एक रोग आहे आणि तो शरीरावर उमटतो, हे येथे उपदेशाने नव्हे, पंपाच्या जागेने सांगितले आहे.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या गाव आरोग्य सेविका. १९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्यांना बोलावले गेले. सभागृहातील झुंबरांकडे पाहून त्यांनी एक दृष्टांत दिला. झुंबर सुंदर, पण महाग आणि जागचे न हलणारे. पणती साधी, पण अंधार असेल तेथे हातात धरून नेता येते आणि तिच्यावर दुसरी पणती लावता येते. मोठे डॉक्टर झुंबरासारखे, आपण पणतीसारख्या, असा त्यांचा आशय होता. वाङ्मयीन दृष्टीने मला हा या साऱ्या हकिकतीचा कळस वाटतो. येथे बरे करणाराच बोलत आहे, पण तो पांढऱ्या कोटातला नाही. खेड्यातील एका बाईने आरोग्यव्यवस्थेची समीक्षा केली आणि जगाने ती ऐकली.

या पुस्तकाचे गुण सांगताना उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काही प्रकरणांवर प्रकल्पाच्या अहवालाची छाया आहे. यशाच्या हकिकती सलग येऊ लागल्या की वाचकाचा श्वास अडतो, एखाद्या अपयशापाशी लेखकांनी अधिक रेंगाळावे असे वाटते. शासनाने जे करावयास हवे ते गावांनी स्वतः केले, हे कौतुकास्पद खरे. परंतु म्हणून शासन मोकळे झाले काय, हा प्रश्न पुरेशा तीव्रतेने विचारला जात नाही. तरीही उतारशाळा कशी बांधली जाते, तिचा रक्षक कोण असू शकतो, हे इतक्या तपशिलाने सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

परिचारिकाबाईंच्या प्रश्नाला, म्हणजे आधीच मेलेल्यांच्या कथेला, भिडणारे लेखन मात्र पुन्हा गडचिरोलीतूनच आले, आणि ते प्रथम आकड्यांच्या रूपात आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया १०० पैकी केवळ ८. ही विषमता गाव आणि शहर यांच्यातली आहे तशीच एकाच घरातली, एकाच चुलीभोवतीची आहे. डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक त्या आकड्यांमागचे आवाज ऐकवते. शीर्षकातच समीक्षा आहे: बोलणे डॉक्टरचे नाही, ऐकणे डॉक्टरचे आहे. आपल्या काही वाचकांना त्यातील विषय उघडे वाटतील. परंतु ज्या दुखण्याविषयी घरात बोलता येत नाही त्यावर औषध मागायला बाई जाणार कोठे?

पुढे १९९९ साली त्यांनी नवजात बालकांविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून घरातच बाळाची काळजी घेतली गेली. नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून १९९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. ६२ आणि २५ यांच्यातील अंतर म्हणजे ज्यांचे बारसेही झाले नसते अशी बाळे. आकड्यांना साहित्य म्हणू नये, हे मला मान्य आहे. पण ज्यांचे चरित्र कोणीच लिहिणार नाही त्यांची नोंद निदान आकडा ठेवतो, आणि ती नोंद वाचायलाही अंतःकरण लागते.

येथे कोणी म्हणेल, फादर, प्रेरणादायी चरित्रे नसती तर आपल्या मुली परिचारिका झाल्या असत्या काय? आक्षेप रास्त आहे. दामियन किंवा हेमलकसा वाचून ज्यांनी आयुष्याची दिशा ठरवली अशी माणसे मला ठाऊक आहेत. मी ही पुस्तके कपाटातून काढा असे म्हणत नाही. चरित्र आपल्याला थांबायला शिकवते, आणि याजक-लेवी थांबलेच नव्हते, हे विसरून चालणार नाही. पण थांबण्यावरच समाधान मानणारे वाचन अपुरे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही हेच सांगतो. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून रावळपिंडीत मुस्लिम स्त्रिया उपचाराविना मरताना डॉ. आना डेंगेल यांनी पाहिल्या आणि १९२५ मध्ये त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापला. परंतु व्रतस्थ भगिनींनी डॉक्टर म्हणून, विशेषतः बाळंतपणाचे काम करण्यास तेव्हा सभेच्या नियमांची आडकाठी होती. गुंटूर येथील डॉ. सिस्टर मेरी ग्लोरी यांना त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली होती. १९३६ साली रोमने नियम बदलला आणि वाट मोकळी झाली. १९४३ साली सिस्टर मेरी ग्लोरी यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. पवित्र स्त्रिया आधीही होत्या. त्यांचे पावित्र्य रुग्णांपर्यंत पोचण्यासाठी नियम बदलावा लागला. आपली चरित्रे पावित्र्य रंगवतात, नियमाला एका ओळीत उरकतात.

नियमांची भाषा रूक्ष असते, म्हणून ती आपण वाचीत नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्येच सांगितले होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रीस’ या विश्वपत्रात वैद्यकीय उपचार हा माणसाचा हक्क म्हणून गणला. दया म्हणून नव्हे. महाराष्ट्रात २००६ पासून उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णांकडून डिपॉझिट न मागता त्यांना दाखल करून घ्यावयाचे असते. शोमरोन्याचे दोन दीनार येथे कायद्याने लिहून ठेवले आहेत. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? २०२०-२१ च्या महामारीत खाटेसाठी दारोदार फिरण्याची पाळी आपल्या सुस्थितीतील कुटुंबांवरही आली. जे आपल्याला काही महिने भोगावे लागले ते पूर्वेकडच्या पाड्यांवर बारमाही आहे.

शेवटी माझ्याच एका लेखाची समीक्षा करणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी एका दिवंगत धर्मभगिनींवर लिहिले होते. डोंगराच्या पायथ्याशी त्या दवाखाना चालवीत. त्यांचे पहाटे उठणे, पावसात ओढा ओलांडणे, स्वतःच्या ताटातले रुग्णाला वाढणे, सारे मी लिहिले. लेखाचे कौतुक झाले. त्या गेल्यानंतर दवाखाना बंद पडला, ही गोष्ट मी लिहिली नाही. का बंद पडला, आपण काय करू शकलो असतो, तेथे येणाऱ्या बाया आता कोठे जातात, यांपैकी काहीच माझ्या लेखात नव्हते. त्या बायांतील एक जण मला नंतर बाजारात भेटली. तिने सिस्टरांची आठवण काढली आणि सहज म्हणाली, “आता आम्ही गावातच सोसतो, फादर.” माझ्या लेखाला हवा असलेला शेवट तो होता. तो तिने सांगितला, आणि तोही मी कुठे छापला नाही. आज छापीत आहे.

‘जामखेड’ची एक प्रत आता वाचनालयात आणली आहे. ती ‘प्रकाशवाटा’च्या शेजारी ठेवली आहे आणि इंग्रजी ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी आपल्या तरुणांनी रविवारी मिस्सानंतर तिचे मराठीतून वाचन सुरू करावे, असे सुचवले आहे. धर्मादाय खाटांच्या योजनेचा कागद मंदिराच्या सूचनाफलकावर लावला आहे. त्या निवृत्त परिचारिकाबाईंना मी विनंती केली आहे की, तीस वर्षांत ज्यांना उशीर झाला म्हणून वाचवता आले नाही त्यांच्याविषयी त्यांनी लिहावे, नावे न देता, पण काहीही न लपवता. त्या म्हणाल्या, “मला लिहिता येत नाही.” मी म्हटले, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. पुढच्या मंगळवारी त्या येणार आहेत.